कुंपणातला अडुळसा

शेळी काय खात नाही, असं शेळ्या राखणाऱ्या माणसाला विचारलं तर यादी फार लांबत नाही. घाणेरी, निरगुडी आणि अडुळसा ही नावं त्यात बहुधा असतातच. बांधावर, विहिरीच्या काठाला, परसाच्या कुंपणाला अडुळसा लावायची रीत यातूनच पडली. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून राखण नको. पावसाळ्यानंतर पाणी घालायची फारशी गरज नाही. एकदा मूळ धरलं की झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. घरात कुणाच्या छातीत कफ दाटला की कुंपणापाशी जाऊन मूठभर पानं खुडून आणायची, एवढाच काय तो त्याच्याशी संबंध. शेजारी तुळशीला वृंदावन असायचं. अडुळशाच्या वाट्याला वर्षातून एकदा कोयत्याचा वार.

शेळीला हाकलणारा कडूपणा आणि छातीतला कफ सोडवणारा गुण यांचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. अडुळशाच्या पानात 'वॅसिसीन' नावाचं अल्कलॉइड असतं. वनस्पतींमधली अशी नत्रयुक्त द्रव्यं चवीला बहुतेक कडू असतात आणि शरीरावर त्यांचा परिणाम ठळक असतो. त्यांच्याच बळावर झाड कीड आणि जनावरं दूर ठेवतं, आणि त्यांच्याचमुळे ते आपल्याला औषध म्हणून उपयोगी पडतं. अडुळसा घरी लावणाऱ्याने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं. आपण कुंडीत नुसती हिरवळ लावत नाही, एक खरंखुरं औषध लावत असतो.

पहिली अडचण ओळखीची. 'अडुळसा' म्हणून मागितलं तर भलतंच रोप हातात पडू शकतं. खरा अडुळसा म्हणजे वनस्पतिशास्त्रातला 'जस्टिशिया अधाटोडा'. जुन्या पुस्तकांत तो 'अधाटोडा व्हॅसिका' या नावाने सापडतो. अबोली, कोरांटी आणि सह्याद्रीतली कारवी ज्या कुळातल्या, त्याच कुळातलं हे झुडूप. मोकळ्या जमिनीत माणसाच्या उंचीपेक्षा थोडं वर जातं. पानं समोरासमोर जोडीने येतात, साधारण वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, कडा दातेरी नाहीत. वरची बाजू गर्द हिरवी, खालची फिकी. फांदीची पेरं किंचित फुगलेली दिसतात. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, त्यात चहाच्या पत्तीची छटा असते. तुकडा चावला तर तो कडूपणा जिभेवरून लवकर हटत नाही. थंडीच्या दिवसांत शेंड्याकडे आखूड, गच्च कणसं येतात. त्यांच्या हिरव्या छदांमधून पांढरी, दोन ओठांची फुलं डोकावतात आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात. मोठे काळे भुंगे त्यांच्यावर घोंघावताना दिसतात. फुलं आली की ओळखीबद्दल शंका उरत नाही.

आपल्याकडे 'काळा अडुळसा' म्हणूनही एक झुडूप लावतात. तेही जस्टिशियाच, पण जात वेगळी. त्याची पानं अरुंद आणि फांद्या जांभळट काळ्या असतात. त्याचा पाला सांधे दुखत असले की शेकायला वापरतात. खोकल्यासाठी आपल्याला हवा तो हा नव्हे. गुजरातेत तर आणखी घोटाळा होतो. तिथे 'अरडूसी' म्हणजे आपला अडुळसा आणि 'अरडूसो' म्हणजे महारुख, तो तर उंच वाढणारा वृक्ष. नवापूर-तलासरीकडे, सीमेवरच्या गावांत, कुणी पाला आणून दिला तर आधी पान पाहून घ्यावं. महारुखाचं पान अनेक पर्णिकांचं, संयुक्त असतं. अडुळशाचं साधं, एकेकटं. केरळातले वैद्य याहून लहान पानांची एक वेगळी जात पसंत करतात, ती आपल्याकडच्या रोपवाटिकांत सहसा नसते.

आता त्या वॅसिसीनची गोष्ट. ती सांगायलाच हवी, कारण तिचा एक धागा मुंबईत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्हिड हूपर हा इंग्रज रसायनतज्ज्ञ उटकमंडला सरकारी नोकरीत होता. सिंकोनाच्या सालीत क्विनाइन किती आहे हे तपासणं हे त्याचं मुख्य काम. सालीतून अल्कलॉइड वेगळं काढण्याचा हात बसलेला, तेव्हा त्याने इकडच्या औषधी वनस्पतीही तपासायला घेतल्या आणि 1888 साली अडुळशाच्या पानांतून वॅसिसीन वेगळं केलं. वासा हे अडुळशाचं संस्कृत नाव. त्यावरून झाडाचं जुनं शास्त्रीय नाव आणि त्यावरून द्रव्याचं नाव आलं. पुढे याच हूपरने विल्यम डायमॉक आणि वॉर्डन यांच्यासोबत 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो 1890 ते 1893 या काळात निघाला. यातला डायमॉक मुंबईत सरकारी औषध भांडाराचा प्रमुख होता आणि पश्चिम भारतातल्या वनौषधींवर त्याचं स्वतःचंही पुस्तक होतं. इथल्या बाजारात कुठली मुळी कुठल्या नावाने विकली जाते, वैद्य आणि हकीम ती कशाला देतात, हे त्या लोकांनी बारकाईने टिपून ठेवलं आहे.

हवेच्या संपर्कात वॅसिसीनचं हळूहळू 'वॅसिसिनोन' होतं. पान वाळवून ठेवलं की हा बदल आपोआप घडतो. हे वॅसिसिनोन श्वासनलिका सैल करतं, असं अमीन आणि मेहता या भारतीय शास्त्रज्ञांनी 1959 साली 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. म्हणजे ताज्या पानाचा आणि वाळलेल्या पानाचा गुण हुबेहूब सारखा नसतो. वैद्य कुठे ताजा रस सांगतात आणि कुठे वाळलेल्या पाल्याचा काढा, त्या भेदाला रसायनशास्त्रातही आधार सापडतो.

मग जर्मनीत बोरिंगर इंगेलहाइम कंपनीच्या संशोधकांनी वॅसिसीनची रचना समोर ठेवून नवीन रेणू घडवायला घेतले. त्यांतून 'ब्रोमहेक्सिन' हे औषध 1960 च्या दशकात दवाखान्यांत पोचलं. चिकट कफ म्हणजे लांब, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं जाळं. ब्रोमहेक्सिनने ते तंतू तुटतात, कफ पातळ होतो आणि खोकताना बेडका सुटतो. हे औषध शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप होतं ते संशोधकांनी वेगळं काढलं. ते म्हणजे 'अँब्रोक्सॉल', आणि 1970 च्या दशकाअखेर तेही बाजारात आलं. आज औषधाच्या दुकानातून आणलेल्या खोकल्याच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचून पाहा. ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल ही नावं कितीतरी बाटल्यांवर दिसतील. अडुळशाचं नाव तिथे नसतं. नातं मात्र थेट आहे. आणि हे नातं अजून पुढे चाललं आहे. मेंदूच्या पेशींतल्या एका विकराला अँब्रोक्सॉल मदत करतं असं दिसल्यावर लंडनमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या छोट्या चाचणीत 17 रुग्ण अखेरपर्यंत होते आणि औषध मेंदूपर्यंत पोचतं एवढं तीत दिसलं. तो रोग आटोक्यात येतो का, हे ठरायला मोठ्या चाचण्यांचे निकाल लागतात.

हा इतिहास वाचून दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, गोळ्या कशाला?' ही एक. 'गोळी आहे ना, मग पाला कशाला?' ही दुसरी. ब्रोमहेक्सिन म्हणजे वॅसिसीन नव्हे. रचना बदलल्यावर गुणही बदलतात, म्हणून गोळीवर झालेले प्रयोग काढ्याच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. दुसरीकडे, साध्या सर्दीपडशानंतर चार दिवस रेंगाळणाऱ्या कफासाठी दारातलं झाड पुरत असेल, तर त्याची रीत विसरून जाण्यात काहीच शहाणपण नाही. ती रीत नीट शिकून घ्यावी.

आधी लागवड. अडुळसा बी पेरून कुणी सहसा लावत नाही. तो लागतो फांदीपासून. मृगाचा पाऊस स्थिरावला की कुणाच्या तरी कुंपणातून फांदी मागून आणावी. शेंड्याचा हिरवा, लुसलुशीत भाग घेऊ नये, तो कुजतो. करड्या सालीची, पेन्सिलीएवढी जाड, निबर फांदी घ्यावी आणि तिचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यावर निदान तीन-चार पेरं यायला हवीत. खालचा छाट पेराच्या अगदी लगत आणि तिरका घ्यावा, वरचा आडवा. म्हणजे काडी उलटी खोचली जात नाही आणि मुळ्या जिथून फुटतात ते पेर मातीला टेकतं. खालची पानं काढून टाकावीत, वरची दोन ठेवली तर अर्धी कापावीत, कारण मुळं नसलेली काडी इतक्या पानांना पाणी पुरवू शकत नाही. दोन पेरं मातीत, उरलेली वर. बोटाने माती घट्ट दाबून घ्यावी. पुढचे तीन-चार आठवडे जागा थोड्या सावलीची हवी आणि मातीत वाफसा हवा: ओल आहे पण चिखल नाही. डोळा फुटला, दोन पानं आली की मुळं धरली असतीलच असं नाही. काडीत साठलेल्या अन्नावरही पालवी फुटते. मूळ धरलं का हे बघायला काडी उपटायचा मोह आवरावा.

गॅलरीत लावायचा तर बारा-चौदा इंचांची कुंडी घ्यावी, तळाला भोकं मोकळी हवीत. साधी माती, तिच्या निम्म्याने शेणखत किंवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी मूठभर जाड वाळू एवढ्यावर त्याचं भागतं. अडुळशाला खताची हाव नाही. पाण्याची तर नाहीच. हे झाड मरतं ते बहुतेक वेळा लाडाने, रोज भरपूर पाणी ओतल्याने. मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडून गळतात. माती वरून बोटाच्या पेराइतकी कोरडी लागली की पाणी द्यावं. ऊन चार-पाच तास मिळालं तर उत्तम. अर्ध्या सावलीतही जगतो, पण मग पानं मोठी, पातळ आणि फांद्या लांबुडक्या होतात. कीड क्वचित, कधी शेंड्यावर पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा ओल्या फडक्याने पुसून काढावा. फवारणीचं औषध मारू नये. आपण ती पानं पोटात घेणार आहोत.

पहिला पावसाळा आणि पहिली थंडी झाडाला त्याचं त्याचं वाढू द्यावं. होळीच्या सुमारास फुलोरा ओसरला की गुडघाभर ठेवून छाटणी करावी. छाटलं नाही तर अडुळसा खालून उघडा पडतो आणि पानं सगळी वरच्या टोकाला जातात. छाटल्यावर प्रत्येक पेरापाशी दोन-दोन फुटवे येतात आणि झुडूप गच्च होतं. छाटणीचा पाला कचऱ्यात टाकू नये. केळी किंवा आंबे पिकवायच्या अढीत अडुळशाचा पाला घालायची चाल आहे. धान्याच्या कणगीत कीड लागू नये म्हणून वाळलेला पाला थरांमध्ये घालत. उत्तरेकडे, हिमालयाच्या पायथ्याशी, भातखाचरात तो हिरवळीचं खत म्हणून तुडवतात. घरच्या कुंडीतल्या छाटणीतून यांतलं थोडंच जमेल, पण तांदळाच्या डब्यात चार वाळकी पानं टाकायला काय हरकत आहे?

औषधासाठी पान कुठलं घ्यावं? पोपटी कोवळं नको, पिवळं पडलेलं नको. मधलं, पूर्ण वाढलेलं, गर्द हिरवं घ्यावं. रस्त्याकडेच्या झाडाचं तर मुळीच नको, त्यावर धूळ आणि गाड्यांचा धूर बसलेला असतो. झाड बारमाही हिरवं असल्यामुळे साठवण करायची गरजही पडत नाही. गावाहून पाला आणून ठेवायचाच असेल तर उन्हात न टाकता सावलीत वाळवावा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत थोडाथोडाच ठेवावा.

रस काढायची एक खुबी आहे आणि ती न कळल्यामुळे अनेक जण हात टेकतात. अडुळशाची ताजी पानं खलबत्त्यात कितीही कुटा, मिक्सरला लावा, हिरवा चिकट लगदा होतो. रस म्हणावा असं फडक्यातून फारसं काही उतरत नाही. शार्ङ्गधर संहितेत यावर 'पुटपाक' सांगितला आहे. पानं वाटून त्यांचा गोळा करायचा, तो दुसऱ्या पानांत गुंडाळून बांधायचा, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि माती लाल होईपर्यंत गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा. मग माती फोडून आतला गोळा पिळला की रस निघतो, तो मधाबरोबर द्यायचा. यामागचं कारण साधं आहे. उष्णतेने पानाच्या पेशींच्या भिंती ढिल्या पडतात आणि आतलं पाणी मोकळं होतं.

स्वयंपाकघरात गोवऱ्या नकोत. पानं धुऊन, देठ आणि मधली जाड शीर काढून चाळणीत ठेवावीत आणि मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात सात-आठ मिनिटं वाफवावीत. झाकण उघडलं की गर्द हिरवी पानं ऑलिव्हसारख्या मळकट रंगाची आणि मलूल झालेली दिसतात, उग्र वासही बराच निवलेला असतो. हाताला सोसवेल इतकी निवली की ती वाटून मलमलच्या ओल्या फडक्यात घ्यावीत आणि पीळ देत जावं. आधी नुसता फेस येतो, मग अचानक दाट हिरवट-तपकिरी रसाची धार वाटीत पडते. दोन मुठी पानांतून दोन-तीन चमचे रस मिळाला तर पुष्कळ. चमचाभर रसात तेवढाच मध घालून ते चाटण सावकाश चाटायचं. मध आयुर्वेदाच्या सांगण्याप्रमाणे गरम रसात घालत नाहीत, निवल्यावर घालतात. मध नसेल तर खडीसाखर. चिमूटभर पिंपळीची पूड कफ फार चिकट असेल तर घालतात.

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात प्रौढ माणसासाठी ताज्या रसाचं प्रमाण 10 ते 20 मिलिलिटर आणि काढ्यासाठी सुक्या पानांचं 10 ते 20 ग्रॅम असं दिलं आहे. तो वैद्याच्या देखरेखीखालचा आकडा आहे. घरी आपल्या आपण घेताना चहाचा एक चमचा, फार तर दोन, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस, एवढ्यावर थांबावं. जास्त घेतला तर मळमळतं, उलटी होते, पोट बिघडतं. 'कडू जितकं जास्त तितकं गुणकारी' हा आपल्याकडचा समज इथे उलटतो.

काढा त्याहून सौम्य. चार-पाच ताजी पानं फाडून दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत उकळायची, जोडीला ज्येष्ठमधाची छोटी कांडी आणि सुंठेचा तुकडा. गाळून कोमट प्यायचा. ज्येष्ठमध रोज बरेच दिवस घेतला तर रक्तदाब वाढू शकतो, म्हणून ज्यांना तो त्रास आहे त्यांनी तो वगळावा. मधुमेह्यांनी मध-खडीसाखरेचा हिशेब धरावा.

खोकला कुठला, हे पाहणं तितकंच महत्त्वाचं. छातीत घरघर, कफ आहे पण सुटत नाही, खोकून दमायला होतं, असा ओला खोकला हे अडुळशाचं खरं क्षेत्र. घशात खवखवून येणारी कोरडी ढास असेल तर त्याचा तेवढा उपयोग होत नाही. तिथे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ आणि तोंडात धरलेला ज्येष्ठमध बरा. काही खोकल्यांना तर कुठलाच काढा लागू पडत नाही. रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल अशा गटातल्या गोळ्या घेणाऱ्या काही लोकांना त्या गोळीमुळेच सतत कोरडा खोकला येतो. डॉक्टरांना सांगून गोळी बदलली की तो थांबतो. रात्री आडवं झाल्यावर येणारा खोकला आम्लपित्ताचा असू शकतो. अशा खोकल्यात महिनेच्या महिने अडुळशावर काढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांत झाडाचा काही दोष नव्हता. दम्याच्या रुग्णाने श्वासातून घ्यायचं औषध बंद करून काढ्यावर राहणं तर जिवावर बेतू शकतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. गर्भवतीला अडुळसा देऊ नये. ज्या बाईला दिवस गेल्याची शक्यता आहे तिनेही घेऊ नये. वॅसिसीनने गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात यावर बरंच काम केलं. गर्भाशय आकुंचित करणारं नवं औषध म्हणून वॅसिसीन वापरता येईल का, हाच त्यांचा शोध होता आणि 1980 साली त्यांनी ते सविस्तर मांडलं. म्हणजे ही भीती ऐकीव नाही. पाळी चुकलेली असताना सर्दी-खोकला झाला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी मायेने अडुळशाचा रस पुढे केला, तर तो नम्रपणे परत करावा. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलांना रस देऊच नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचं बोटही नको. मधात असलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. दोन वर्षांवरच्या मुलांसाठीही मापाचा निर्णय वैद्याने करावा.

उन्हाळ्यात घोळणा फुटला की अडुळशाचा रस द्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. आयुर्वेदात अडुळसा थंड गुणाचा मानला आहे आणि शरीरातून रक्त वाहण्याच्या 'रक्तपित्त' या विकारावर त्याला मानाचं स्थान आहे. पण नाकातून रक्त येत असेल तर आधी पुढे वाकून बसावं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत घट्ट धरून ठेवावा. रस नंतर. रक्त थांबत नसेल किंवा वरचेवर येत असेल तर दवाखाना.

आणि खोकल्यातून रक्त येत असेल तर दवाखाना आधीच. क्षयरोग्याला अडुळशाचा भरवसा देणारा एक जुना संस्कृत श्लोक वैद्यांच्या पाठांतरात आहे. ज्या काळी क्षयावर दुसरं काहीच हाताशी नव्हतं त्या काळचा तो धीर आहे, आणि खोकून बेजार झालेल्या रोग्याला या कडू रसाने थोडा आराम पडतही असेल. 1996 साली ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल क्षयाच्या जिवाणूंवर काही प्रमाणात काम करतात असं प्रयोगशाळेत आढळलंही. पण ते काचेच्या नळीत, गोळीच्या रूपातल्या रेणूंनी. माणसाच्या फुप्फुसातला क्षय अडुळशाने बरा होतो याला आधार नाही. तो बरा होतो रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि त्यांच्या जोडीच्या गोळ्यांनी, एकही दिवस न चुकवता साधारण सहा महिने घेतल्यावर. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारं वजन यांतलं काहीही दिसलं तर काढा बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते, औषधंही मोफत मिळतात. उपचार सुरू असताना सोबत अडुळसा घ्यावासा वाटला तर तसं डॉक्टरांना सांगूनच घ्यावा.